पेशीत पोटॅशियम, बाहेर सोडियम: पेज, शहाळं, विंचू, केंड आणि रक्ताचा नमुना

खाडीकाठ (धागाकर्ता)

शरीरशास्त्राच्या पुस्तकात सुरुवातीची दोन प्रकरणं रसायनशास्त्राची आणि पेशीची असतात. नर्सिंगची, डीएमएलटीची (प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम), बीएस्सीची मुलं नेमकी तीच परीक्षेपुरती उरकतात, आणि पुढे हृदय उघडा, मूत्रपिंड उघडा, मेंदू उघडा, तेच सोडियम-पोटॅशियम पुन्हा समोर उभं राहतं. म्हणून हा धागा एकाच गोष्टीवर ठेवू या: पेशीच्या आत आणि बाहेर क्षारांचा जो फरक असतो तो कसा टिकतो, आणि मोडला तर काय होतं. उदाहरणं शक्यतो आपल्या किनाऱ्यावरचीच घ्या.

आधी आकडे. ६० किलोच्या माणसात साधारण ३६ लिटर पाणी असतं. त्यातलं दोन तृतीयांश, म्हणजे २४ लिटर, पेशींच्या आत. उरलेलं १२ लिटर बाहेर, आणि त्यातलं जेमतेम ३ लिटर रक्तद्रवात. बाहेरच्या पाण्यात सोडियम दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल आणि पोटॅशियम ३.५ ते ५. आत उलटं: पोटॅशियम १४० च्या आसपास, सोडियम १० ते १५.

मिलिमोलला घाबरायचं कारण नाही. मिठाचा रेणुभार ५८.५, म्हणून ५८.५ ग्रॅम मीठ म्हणजे १ मोल. सलाइनच्या बाटलीत लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं: ९ भागिले ५८.५, म्हणजे १५४ मिलिमोल सोडियम आणि तितकंच क्लोराइड. एकूण कण ३०८. पाणी कुठून कुठे जाणार हे कणांच्या संख्येवर ठरतं, वजनावर नाही. हे एकदा डोक्यात बसलं की ओआरएसपासून समुद्राच्या पाण्यापर्यंत सगळी गणितं बोटांवर सुटतात.

पेशीचं पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. सोडियमचा आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो, ते पाणी सोडून तेलकट थरात शिरणं त्याला परवडत नाही. म्हणून त्याला प्रथिनांच्या वाटा लागतात. काही वाटा नुसत्या उघडतात-मिटतात, त्या वाहिन्या. एक मात्र एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्च करून काम करते, तो सोडियम-पोटॅशियम पंप: एका एटीपीमागे ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. सोडियम आत झिरपत राहतं आणि पंप ते काढत राहतो, फटीच्या होडीतलं पाणी उपसत राहावं तसं. विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त यातच जातो.

हा पंप येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये डेन्मार्कमध्ये शोधला, आणि कशात, तर किनाऱ्यावरच्या खेकड्याच्या पायांतल्या नसांत! १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग त्यांना मिळाला. कुर्ल्या फोडताना हे आठवायला हरकत नाही.

पोटॅशियमच्या काही वाहिन्या कायम थोड्या उघड्या असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आतली बाजू ऋण होते, चेतापेशीत उणे ७० मिलिव्होल्ट. आकडा किरकोळ वाटतो, पण ५ नॅनोमीटरवर ७० मिलिव्होल्ट म्हणजे मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट. मज्जातंतूतला प्रत्येक संदेश याच साठ्यावर चालतो.

आता पुढचं ज्याने त्याने आपापल्या कामातलं लिहावं.

उकडातांदूळ

छान सुरुवात. जुलाबापासून घेतो, कारण रसायनशास्त्राची आकडेमोड इथे थेट जीव वाचवते.

आतड्याच्या पेशीच्या आतल्या बाजूला, म्हणजे अन्नाकडच्या बाजूला, एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन असतं. ते २ सोडियम आणि १ ग्लुकोज असे एकत्रच आत घेतं. दोन्हींपैकी एक नसेल तर काम अडतं. आत आलेलं सोडियम पेशीच्या मागच्या बाजूचा पंप रक्ताकडे ढकलतो आणि पाणी त्यामागे जातं. कॉलऱ्याचं विष क्लोराइडची वाट उघडी ठेवून पाणी बाहेर ओततं, पण एसजीएलटी-१ ला हात लावत नाही. म्हणूनच जुलाब चालू असतानाही ओआरएस शोषलं जातं. १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावला हेच मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवलं.

सध्याच्या ओआरएसच्या १ लिटरमध्ये: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. एकूण २०.५ ग्रॅम. कणांत मोजलं तर सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०, बेरीज २४५. २००२ पूर्वीच्या सूत्रात ती ३११ होती. सोडियम आणि ग्लुकोज समसमान आहेत आणि बेरीज रक्तापेक्षा कमी आहे, म्हणून पाणी रक्ताकडेच ओढलं जातं.

घरोघरी काय चुकतं ते सांगतो:

लिटरचं पाकीट पेल्यात कालवतात. पेला २०० मिलिलिटरचा, म्हणजे द्रावण पाचपट घट्ट, सोडियम ३७५. तहानलेल्या पोराला हे पाजणं म्हणजे समुद्राच्या पाण्याकडे अर्ध्याहून जास्त वाट चालणं. २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं वेगळी मिळतात, पाकिटावरचा आकडा वाचूनच पाणी मोजा. उलट, 'चव येत नाही' म्हणून दोन लिटरमध्ये एक पाकीट टाकलं तर सोडियम अपुरं पडतं. वरून साखर घातली तर कण वाढतात आणि जुलाबही वाढतात. कालवल्यावर उकळू नका, पाणी उडून घट्ट होतं. उकळायचं ते आधी, आणि पूर्ण गार झाल्यावर पूड टाकायची. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

दर जुलाबामागे २ वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २००. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. सोबत १४ दिवस जस्त: ६ महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्या बाळाला १०. जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी जस्त बंद करतात, तसं करू नका.

पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. हिशेब पाहा: साखर साधारण २७ ग्रॅम, म्हणजे ७९ मिलिमोल, आतड्यात फुटून ग्लुकोज ७९ आणि फ्रुक्टोज ७९. मीठ ३ ग्रॅम, म्हणजे ५१ आणि ५१. एकूण २६०. पाकिटाच्या बरंच जवळ. फक्त पोटॅशियम आणि सायट्रेट नाही.

आणि पेज! पिष्टमय पदार्थाचा रेणू प्रचंड मोठा, म्हणून कणांची संख्या नगण्य. स्वादुपिंडाचा अमायलेज आणि आतड्याच्या कडेवरचे एन्झाइम तो तोडतात आणि ग्लुकोज नेमकं एसजीएलटी-१ च्या तोंडाशी हळूहळू सुटतं. म्हणजे साखर भरपूर, पण पाणी आतड्यात ओढून घेणारे कण कमी. ५० ग्रॅम तांदळाचं पीठ लिटरहून थोड्या जास्त पाण्यात ५ ते ७ मिनिटं शिजवा, आटून लिटर राहू द्या, मग अर्धा छोटा चमचा मीठ. आपल्या हवेत ती आंबते, ६ ते ८ तासांत संपवा. ६ महिन्यांखालच्या बाळाला पेज नाही, आईचं दूध आणि ओआरएस. रक्त पडत असेल, बाळ सुस्त असेल, पिता येत नसेल, लघवी थांबली असेल तर घरी प्रयोग नकोत, दवाखाना.

मालवणी_मेवा

पेजेत मीठ नाय तर ती पेज कसली! पण एक शंका. आमच्याकडे अजून मिठागराचं खडं मीठ वापरतात. चमच्याचं माप तेच धरायचं का?

उकडातांदूळ

@मालवणी_मेवा, नाही. सपाट छोट्या चमच्यात बारीक मीठ ६ ग्रॅमच्या आसपास बसतं, खड्यांमध्ये पोकळी राहते म्हणून कमी बसतं आणि दर वेळी वेगळं. कुटून बारीक करून मापा, किंवा काट्यावर ३ ग्रॅम तोला. शिवाय मिठागराच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी खेचतं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ते त्यामुळेच, आणि अशा ओल्या मिठाच्या वजनात पाणीही मोजलं जातं. आयोडीन त्यात सहसा घातलेलं नसतं, हा वेगळा मुद्दा. शिरोड्याच्या मिठागरांचं १९३० च्या सत्याग्रहातलं स्थान मोठंच, पण बाळाच्या ओआरएससाठी पाकीटबंद बारीक मीठ बरं.

रातांबा

दोन प्रश्न. शहाळ्याचं पाणी म्हणजे नैसर्गिक ओआरएस असं सगळे म्हणतात, ते कितपत खरं? आणि कोकम सरबताने रक्तातली आम्लता वाढते की कमी होते? दोन्ही बाजूंचे संदेश फिरत असतात.

खाडीकाठ

@रातांबा, दोन्ही संदेश सोडून द्या.

शहाळं आधी. त्यात पोटॅशियम लिटरला साधारण ४० ते ७० मिलिमोल, ओआरएसच्या दुप्पट-तिप्पट. सोडियम मात्र ओआरएसच्या तुलनेत फारच कमी. जुलाबात माणूस गमावतो ते मुख्यतः सोडियम, म्हणून शहाळं ओआरएसच्या जागी नाही, सोबत चालेल. निरोगी माणसाला त्यातलं पोटॅशियम काहीच करत नाही, मूत्रपिंड काढून टाकतं. पण मूत्रपिंड निकामी होत आलेल्या, डायलिसिसवरच्या, किंवा स्पायरोनोलॅक्टोन, एनालाप्रिल, लोसार्टनसारख्या पोटॅशियम शरीरात राखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने 'शक्ती येते' म्हणून रोज दोन-तीन शहाळी पिणं धोक्याचं. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे मिळतं त्यातही काही भाग पोटॅशियम क्लोराइडच असतं, त्यालाही हाच नियम.

आता आम्लता. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५. म्हणजे हायड्रोजन आयन लिटरला ४० नॅनोमोल, सोडियमपेक्षा सुमारे ३५ लाख पटीने कमी. एवढा बारीक आकडा जागेवर ठेवतात बायकार्बोनेट (२४ मिलिमोल) आणि कार्बन डायऑक्साइड (दाब पाऱ्याचे ४० मिलिमीटर). पहिलं मूत्रपिंडाच्या हातात, दुसरं फुप्फुसाच्या. कोकमातलं आम्ल जठरात पोचतं तेव्हा तिथला पीएच आधीच १.५ ते ३.५ असतो, त्यामुळे जठरालाही त्याचं अप्रूप नाही. सायट्रेटसारखी सेंद्रिय आम्लांची लवणं पेशीत जळतात आणि शेवटी बायकार्बोनेट तयार होतं. ओआरएसमध्ये सायट्रेट टाकतात ते याचसाठी.

कोकमाबाबत खरी काळजी वेगळ्याच दोन गोष्टींची. सरबतात लिटरला १०० ग्रॅम साखर सहज असते: २९२ मिलिमोल, फुटून ५८४ कण. जुलाबात हे पाणी आतड्यात उलट ओढतं. आणि आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) मीठ भरपूर असतं, रक्तदाबवाल्यांनी सोलकढी करताना वरून मीठ घालू नये.

लालटोपी_नळी

प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो. पोटॅशियमचा अहवाल ६.८ आला आणि रुग्ण मजेत बसलाय, असं झालं की नव्वद टक्के वेळा दोष माणसात नसून नमुन्यात असतो, असं माझं मत. कारण साधं: लाल पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस पट आहे. थोडं सांडलं तरी आकडा बिघडतो.

रक्त घेताना दंडाला पट्टा १ मिनिटाहून जास्त नको. 'मूठ उघड-मीट करा' म्हणू नका, स्नायूंतून पोटॅशियम बाहेर पडतं. बारीक सुईतून जोरात ओढलं किंवा सिरिंजचा दट्ट्या दाबून नळीत मारलं की पेशी फुटतात. नळी खुळखुळ्यासारखी हलवू नका, हळू उलटी-सुलटी करा. पेशी फुटल्या की सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळा द्रव) गुलाबी दिसतो, तेवढं तरी कळतं.

न कळणारी चूक दुसरीच. वाडीतल्या शिबिरातून नमुने तालुक्याला न्यायचे असतात, उन्हाळा असतो, म्हणून कुणीतरी शहाणपणाने लाल टोपीच्या नळ्या (यांत रक्त गोठू देतात) थेट बर्फाच्या पेटीत ठेवतं. गारठ्यात पंपाचा वेग पार खाली येतो, झिरपणं मात्र तितकं कमी होत नाही. चार-पाच तासांत पोटॅशियम बाहेर साचतं. सीरम मात्र स्वच्छ पिवळा, संशय यायला जागाच नाही.

उलट, नळ्या गरम जीपमध्ये ठेवल्या तर पंप जोरात चालतो, पोटॅशियम आधी खोटं कमी येतं. पेशी ग्लुकोजही खात राहतात, साध्या तापमानालाच तासाला ५ ते ७ टक्के. ग्लुकोज संपलं की एटीपी संपतं, पंप थांबतो आणि पोटॅशियम चढायला लागतं. म्हणजे एकाच पेटीतले नमुने किती वेळ कसे राहिले यावर दोन्हीकडे चुकू शकतात.

बरोबर पद्धत: साध्या तापमानाला उभी नळी, ३० मिनिटं गोठू द्या, जागेवरच सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं फिरवा, सीरम वेगळा करा. रक्त काढल्यापासून हे सगळं शक्यतो २ तासांच्या आत. आता तो सीरम २ ते ८ अंशांवर बर्फात घाला, हरकत नाही. पेशीच नाहीत तर झिरपणार काय? शिबिराला छोटं सेंट्रिफ्यूज नेणं जड वाटतं, पण परत बोलावून सुई टोचण्यापेक्षा स्वस्त. जेलची नळी दुसऱ्यांदा फिरवू नका, खालच्या पेशींजवळचं पोटॅशियम वर येतं.

नळ्यांचा क्रमही पाळा: लाल किंवा पिवळी आधी, जांभळी नंतर, राखाडी शेवटी. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचंच ईडीटीए असतं, ते कॅल्शियम बांधतं. 'रक्त कमी पडलं' म्हणून जांभळीतलं लाल नळीत ओतलं की पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम तळाला. हे दोन्ही एकत्र दिसले की आधी नमुना पुन्हा मागवा, मग डॉक्टरांना फोन.

सुरंगी

@लालटोपी_नळी, थंडीत पंप मंदावतो पण झिरपणं का नाही, हे जरा फोडून सांगाल?

खाडीकाठ

मीच सांगतो. पंप हे एन्झाइम आहे. एका फेरीत एटीपी बसणं, फॉस्फेट चिकटणं, रेणूचा आकार पालटणं, आयन सुटणं अशा पायऱ्या आहेत आणि पायरीपायरीला उष्णतेची ऊर्जा लागते. ३७ वरून ४ अंशांवर आलं की तो जवळपास ठप्प होतो. उघड्या वाहिनीतून आयन सरकणं हे बव्हंशी साधं विसरण, तेही मंदावतं पण पंपाइतकं नाही. दोघांच्या वेगातलं अंतर म्हणजे बाहेर साचणारं पोटॅशियम.

घाटमाथा_ते_बंदर

आता विंचू. इंगळी आकाराने मोठी आणि काळी, पण तिच्या दंशाने सहसा नुसती आग होते. जीव घेतो तो लहानसा लाल विंचू, आणि कोकणपट्टीत तो भरपूर आहे: जांभ्याच्या गडग्यात, लाकडांच्या राशीत, पेंढ्यात.

त्याच्या विषाचं लक्ष्य सोडियमची वाहिनी. चेतातंतूत संदेश जाताना ही वाहिनी उघडते आणि मिलिसेकंदाच्या आसपास आपोआप मिटते. विष ते मिटणं लांबवतं. सोडियम आत येत राहतं, चेता पुन्हापुन्हा पेटते. सुरुवातीला उलटी, लाळ, दरदरून घाम. मग ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिनचा लोंढा: रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार, रक्तदाब चढलेला, हृदयावर ताण, आणि शेवटी फुप्फुसात पाणी.

महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की प्राझोसिन हे औषध इथे नेमकं लागू पडतं. ते रक्तवाहिन्यांवरचे अल्फा-१ ग्राहक (ॲड्रेनालिन जिथे चिकटतं ती प्रथिनं) अडवतं, आवळलेल्या वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूप्रतिविष वेगळं काम करतं, रक्तात फिरणारं विष बांधून टाकतं. जे विष आधीच वाहिनीला चिकटून लोंढा सुरू करून बसलंय त्याचे परिणाम प्राझोसिन आवरतं. म्हणून दोन्ही देतात.

काय चुकतं: घाम आणि लाळ पाहून ॲट्रोपिन देणं. त्याने नाडी आणखी पळते. नाडी पाहून बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणारं औषध) देणं आणखी वाईट, कारण अल्फाचा परिणाम मोकाट सुटतो. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला उभं करू नये, रक्तदाब एकदम उतरतो. बरं होण्याची खूण म्हणजे गार हातपाय पुन्हा ऊबदार होणं. घरच्यांसाठी एवढंच: बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे तास घालवू नका. घाम, उलटी किंवा गार हात दिसले की वाहन काढा.

पाणबुडा

आणि बरोबर याच्या उलट केंड! जाळ्यात येतो, फुगतो, काटेरी असतो, सगळ्यांना माहीत. त्याच्यातलं टेट्रोडोटॉक्सिन त्याच सोडियम वाहिनीचं तोंड बाहेरून बंद करतं. एका वाहिनीला एक रेणू पुरतो. विंचवाने वाहिनी मिटत नाही, केंडाने उघडूनही आत काही जात नाही.

ओठ आणि जीभ बधिर होणं ही पहिली खूण, बहुधा तासाभरात. मग हातपाय, मग श्वासाचे स्नायू. हृदय बराच वेळ चालू राहतं, कारण हृदयातल्या सोडियम वाहिनीचा प्रकार वेगळा, तिच्यावर हे विष फार कमी चालतं. माणूस शुद्धीवर असतो पण श्वास घेऊ शकत नाही. उतारा नाही, पण कृत्रिम श्वास वेळेवर मिळाला तर विष उतरेपर्यंत, म्हणजे साधारण दिवसभर, माणूस तगतो आणि पूर्ण बरा होतो. म्हणून बधिरता जाणवली की वाट न पाहता जिथे व्हेंटिलेटर आहे तिथेच न्यायचं.

शिजवून, तळून, आमसूल घालून, खारवून विष जात नाही. यकृत, गाबोळी आणि कातडी सर्वांत विषारी. 'आतडी काढली की चालतो' हे जो सांगेल त्याचं ऐकू नका. माशाला स्वतःला काही होत नाही, कारण त्याच्या वाहिनीतलं नेमकं तिथलं अमिनो आम्ल बदललेलं आहे.

सुरंगी

वाहिनी झाली. थेट पंपच अडवणारं काही आपल्या आवारात आहे का?

घाटमाथा_ते_बंदर

@सुरंगी, आहे, कुंपणालाच. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. तिच्या बियांतले ग्लायकोसाइड सोडियम-पोटॅशियम पंपाला बाहेरून चिकटतात. हृदयाच्या डिगॉक्सिन गोळीचंही काम असंच चालतं, फक्त मोजून. पंप अडला की पेशीत सोडियम वाढतं. कॅल्शियम बाहेर काढणारी दुसरी यंत्रणा सोडियमच्या उतारावर चालते, ती मंदावते आणि हृदयपेशीत कॅल्शियम साठतं. थोडं साठलं तर आकुंचन जोरदार होतं, जास्त साठलं तर ठोके विस्कटतात. शिवाय पोटॅशियम आत जाईना, म्हणून रक्तात वाढतं. बी खाल्ल्यावर आधी उलट्या होतात आणि लोकांना वाटतं निघून गेलं. ठोक्यांचा घोटाळा नंतरही होऊ शकतो, म्हणून ईसीजीवर नजर ठेवायला भरती करतातच. लहान मुलं खेळतात तिथे बिट्टी नको, हे माझं मत.

चिखलणी

भातलावणीच्या दिवसांतला लेप्टोही (लेप्टोस्पायरा या जिवाणूचा ताप) याच यादीत घाला. मूत्रपिंड बंद पडलं की पोटॅशियम चढणार, हे आपण धरूनच चालतो. लेप्टोत मात्र लघवी भरपूर आणि पोटॅशियम उलट कमी, असं पुष्कळदा दिसतं. लेप्टोस्पायराच्या आवरणातलं ग्लायकोलिपोप्रोटीन प्रयोगात या पंपाला रोखताना दिसलेलं आहे. मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागात सोडियम शोषलं जात नाही, ते पुढे जातं, आणि पुढच्या भागात त्याच्या बदल्यात पोटॅशियम वाया जातं. क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात साचणारा घटक) वाढलेलं पाहून सवयीने पोटॅशियम बंद करण्याआधी अहवालातला आकडा पाहा, आणि तो नमुना बर्फात आला होता का हे लालटोपींना विचारा.

फळा_खडू

शाळेत दाखवायला बटाटा. अंडं व्हिनेगरमध्ये सोलून करतात तो प्रयोग छान दिसतो, पण अंड्याचा पापुद्रा हे पेशीपटल नाही, प्रथिनांच्या तंतूंचं जाळं आहे. मीठ त्यातून पार होतं. बटाट्यात खऱ्या पेशी असतात.

पाच वाट्या, प्रत्येकीत २०० मिलिलिटर पाणी, मीठ ०, १, २, ३, ४ ग्रॅम. एकाच बटाट्याच्या ५ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर जाड कांड्या, साल अजिबात नको. ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला, दोन तास बुडवा, टिपून पुन्हा तोला, फरक टक्क्यांत काढा आणि मिठाच्या प्रमाणासमोर त्याचा आलेख काढा. साध्या पाण्यातली कांडी कडक होते, ४ ग्रॅमवाली वाकते. आलेखात रेघ शून्याला छेदते तिथलं मीठ म्हणजे पेशीच्या आतल्या कणांइतकं. बहुधा लिटरला १० ग्रॅमच्या आसपास येतं, जुन्या, कोंब आलेल्या बटाट्यात साखर वाढलेली असते म्हणून ते पुढे सरकतं.

एक कांडी आधी उकळून साध्या पाण्यात टाका. ती कितीही वेळ ठेवली तरी कडक होत नाही, कारण पटल मेलंय. मुलांना पटल म्हणजे काय ते या एका कांडीने कळतं. टिपताना कुणी जास्त दाबतं, कुणी कमी, सगळी चूक तिथेच होते. एकाच मुलाला टिपायला बसवा.

रातांबा

शेवटचं एक. एप्रिल-मे मध्ये बागेत काम करणारी म्हातारी माणसं पाणी भरपूर पितात, तरी डोकं दुखतं, मळमळतं, बडबडतात. हे उन्हाचंच का?

उकडातांदूळ

ऊन असू शकतं, तेव्हा अंग तापलंय का ते आधी पाहा. तापलं असेल तर सावली, ओलं कापड, वारा आणि दवाखाना. अंग तापलेलं नसेल तर सोडियम तपासा. घामात लिटरला साधारण २० ते ६० मिलिमोल सोडियम जातं. भरपाई नुसत्या पाण्याने केली की रक्तातलं सोडियम १३५ खाली उतरतं. बाहेरचे कण कमी झाले की पाणी पेशीत शिरतं. बाकीच्या पेशींना फुगायला जागा असते, मेंदूला कवटीत नसते, म्हणून लक्षणं डोक्याची. १२० च्या खाली झटके येऊ शकतात. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड असेल आणि 'बीपी आहे' म्हणून पेजही अळणी असेल तर हे लवकर होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यातही घाई नको. जुनं उतरलेलं सोडियम २४ तासांत ८ ते १० मिलिमोलहून जास्त चढवू नये. मेंदूच्या पेशींनी दरम्यान स्वतःचे कण बाहेर टाकून जुळवून घेतलेलं असतं, झपकन चढवलं तर पाणी उलट बाहेर खेचलं जातं आणि चेतातंतूंवरचं मज्जाआवरण इजा पावतं.

लालटोपी_नळी

त्यात एक भर. ज्या हाताला ग्लुकोजची बाटली चालू आहे त्याच हातातून सोडियमचा नमुना घेतला तर १२० काय, ११० ही येईल, आणि साखर ६०० दिसेल. नमुना दुसऱ्या हातातून घ्या.